एक शीट, मुरबाड!

माझा स्वभाव शांत आहे असं म्हणणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. मी चिडले की आई आधी गॅस बारीक करायची, घरात एका वेळी दोन भडके नकोत म्हणून. अशा मुलीने खरं तर गणिताच्या वाटेला जाऊ नये. पण मी गेले, एम.एस्सी. झाले आणि माझा जीव जडला तो डिफरन्शियल इक्वेशनवर. गोष्टी बदलतात कशा, याचं ते गणित. त्यातली पीरियॉडिक सोल्यूशन्स तर माझी खास लाडकी. म्हणजे असं, की एखादी व्यवस्था हलते, बदलते, लांब कुठंतरी जाते आणि ठरल्या वेळी जिथून निघाली नेमकी तिथंच परत येते. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच.

हे शिकवायचं कुणाला? शहापुरात मी आठवी-नववीच्या शिकवण्या घेत होते. लसावि, मसावि, आणि या दोघांत फरक काय ते. हा फरक सांगून सांगून शेवटी मलाच शंका यायला लागली होती. तेवढ्यात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, मुरबाडच्या अलीकडं नव्यानेच निघालेल्या एका छोट्या कॉलेजात गणित शिकवायला माणूस हवंय असं कळलं. मुलाखतीत फळ्यावर पाऊण तास शिकवून दाखवायचं होतं. विषय आपल्या आवडीचा. मला ती नोकरी इतकी हवी होती की आदल्या दिवशी मी म्हशीला लंबकाचं समीकरण समजावून सांगितलं. तिने शेपटी मात्र बरोबर हलवली.

मुलाखत अकराला होती. सकाळची एसटी मी घरात साडीच्या निऱ्यांशी भांडत असताना निघून गेली. मग उरली जीप.

शहापूरहून मुरबाडला जाणारी जीप टायमावर सुटत नसे, भरली की सुटत असे. आणि ‘भरली’ म्हणजे काय ते फक्त ड्रायव्हरला कळायचं. शहाण्या माणसाने पाहिलं तर आत मुंगीला जागा नसायची. तरी ड्रायव्हर बाहेर ओरडत असायचा, “एक शीट! एक शीट मुरबाड!” जीपवाले माणसाला माणूस म्हणत नसत, शीट म्हणत. ‘त्या शिटाला उलटी होतेय’, ‘दोन शिटांचं भांडण लागलं’ असं सगळं रीतसर चालायचं.

“बसा ताई, सुटतंयच,” तो मला म्हणाला. “एकच शीट बाकी हाय.”

मला पुढं बसवलं. मागे फेटा बांधलेले एक आजोबा होते, लग्नाला निघाल्यासारखे. मांडीवर टोपली आणि टोपलीवर फडकं घेतलेली एक मावशी होती. आणि एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून बसलेला एक गंभीर माणूस. बाकी येणारी-जाणारी दोन-चार माणसं. मला बरं वाटलं. फेटेवाल्याला मुहूर्त गाठायचाय, टोपलीला बाजार, एक्स-रेला डॉक्टर. गाडी वेळेत जाणार.

जीप सुटली. बाजारातून गेली, फाट्यावरून गेली आणि सापगावच्या पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, बोट फिरवून मोजलं आणि जिभेने ‘च्च’ केलं.

“एक शीट कमी हाय.”

आणि जीप वळली. परत स्टँडवर.

दुसऱ्या फेऱ्याला बाजारात एक जोडपं चढलं तेव्हा मावशी टोपली घेऊन उतरल्या. फाट्यावर एक्स-रेवाला उतरला. पुलाशी पुन्हा मोजणी, पुन्हा एक शीट कमी, पुन्हा स्टँड. तिथं ते जोडपं वैतागून उतरलं आणि मावशी चढल्या. एक्स-रेवालाही कुठल्याशा आडवाटेने आमच्या आधी स्टँडवर येऊन उभाच होता.

“मावशी, तुम्ही आत्ताच उतरलात ना?”

“इसरले होते काय तरी,” मावशी म्हणाल्या आणि टोपली नीट मांडीवर घेतली.

“गाडी एका जागी उभी का नाही करत?” मी ड्रायव्हरला विचारलं.

“हुबी केली तर शीट कावतं, ताई. फिरती ठेवली का शिटाला वाटतं आपुन चाललो.”

हे वाक्य मला पटलं आणि म्हणूनच जास्त राग आला. पुढच्या फेऱ्याला चार जणांचं एक कुटुंब बोचक्यांसकट चढलं. मला वाटलं, सुटलो! तर फेटेवाले, मावशी आणि एक्स-रे तिघंही पटापट उतरले आणि एक कंटाळलेले गृहस्थही त्यांच्यामागून गेले. पुलाशी पुन्हा एक शीट कमीच. परत स्टँडवर आलो, त्या कुटुंबातल्या मुलीला शू लागली, सगळं कुटुंब उतरलं, आणि फेटा, टोपली, एक्स-रे आपापल्या जागी येऊन बसले; त्या गृहस्थांच्या जागी एक नवं शीट आलं. गाडीत पुन्हा आधीचीच भर.

गणितात याला लिमिट सायकल म्हणतात. व्यवस्थेला धक्का द्या, चार माणसं जास्त घाला, दोन कमी करा; ती थोडा वेळ डगमगते आणि पुन्हा आपल्या जुन्या फेऱ्यावर येते. दोन वर्षं मी ते पुस्तकात वाचलं होतं. आता मी त्यात बसले होते.

साडेदहा होत आले होते. मी सीटवर उलटी वळून, गुडघ्यांवर बसले आणि साऱ्या जीपला म्हणाले, “ही गाडी मुरबाडला कधीच जाणार नाही. हे मी चिडून बोलत नाही, हे सिद्ध करता येतं.”

खरं तर मी चिडूनच बोलत होते.

“गाडी कुठं आहे आणि आत माणसं किती, या दोनच गोष्टी बघायच्या. स्टँडवर आलो की दोन्ही पहिल्यासारख्या होतात. ड्रायव्हरचा नियमही तोच. मग पुढचा फेरा वेगळा होईल कशाला? तो मागच्यासारखाच होणार. त्याच्या पुढचाही तसाच. आपण सगळे म्हातारे होऊ, पण तो पूल काही ओलांडणार नाही!”

“असा कसा?” ड्रायव्हर दुखावला. “रोज जातंय मी मुरबाडला.”

“काल किती वाजता गेलास?” एक्स-रेवाल्याने विचारलं.

“काल…” ड्रायव्हरने डोकं खाजवलं. “काल नाय गेलो.”

मग मावशींनी मला विचारलं, “मंग गो, हा फेरा मोडायचा कसा?”

“जे उतरतात त्यांनी उतरायचं नाही,” मी म्हणाले. “बस्स. तेवढंच.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फेटेवाले खाकरले. आणि मग मावशींनी टोपलीवरचं फडकं उचललं. टोपली रिकामी होती.

“मी याची सासू,” त्या ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाल्या. “रिकाम्या गाडीत शीट चढत नाय. म्हनून आमी बसतो. खरा शीट आला का आमी उतरतो.”

फेटेवाले मावशींचे थोरले दीर निघाले. फेट्याचं शीट दिसलं की लोकांना गाडी घाईत आहे असं वाटतं, म्हणून त्यांना रोज सकाळी फेटा बांधायला लागायचा. आणि एक्स-रेवाल्याने, म्हणजे मावशींच्या मुलाने, पाकिटातली फिल्म काढून काचेला लावली.

“पाय याचाच हाय,” तो ड्रायव्हरकडे पाहत म्हणाला. “दोन वरसांपूर्वीचा.”

इतकी वैतागलेली असूनही मला हसू आलं. मग अकरा वाजत आलेत ते आठवलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. मी सांगून टाकलं, की आज मुलाखत आहे, ही नोकरी गेली तर मी जन्मभर मसावि शिकवणार आहे. मसावि म्हणजे काय ते मावशींना कळलं नाही, पण ते काहीतरी वाईट असावं एवढं त्यांनी ओळखलं.

“मी आज उतरायची नाय,” त्या म्हणाल्या. “पोरीची नोकरी हाय. आन रोज मुरबाड-मुरबाड आयकतंय, एकदा जाऊन तरी येऊ.”

“आई, तुमी बसून ऱ्हायल्याव तर शीट कुठं बसवू?” जावई कळवळला.

“आमी शीटच हाव. चल.”

बाजारात एक माणूस चढला आणि कुणीही उतरलं नाही. पुलाच्या तोंडाशी ड्रायव्हरने मोजलं. पुन्हा मोजलं. गाडी भरली होती; त्याच्याच नियमाने भरली होती. जीप पुलावर चढली तेव्हा मागून टाळ्या वाजल्या. सासूकडं भाडं मागायची सोय नसलेला तो बिचारा मुरबाडच्या रस्त्याला बुडालेली भाडी मोजत राहिला.

कॉलेजात मी तासभर उशिरा पोचले. मुलाखत घ्यायला प्राचार्य आणि आणखी दोघं होते. पण प्रवेशच झाले नव्हते, त्यामुळे शिकवून दाखवायचं तर समोर विद्यार्थी नव्हते. पहिल्या बाकावर फक्त शिपाई बसवला होता, रीत म्हणून. प्राचार्य म्हणाले, वर्ग फार रिकामा वाटतो.

माझ्यामागून आलेल्या मावशी दारातून म्हणाल्या, “आमी बसू का?”

कुणी हो म्हणायच्या आत ते तिघं बसलेही. आणि काय बसले! मागे एक, मध्ये एक, खिडकीशी एक, असे पसरून बसले की वर्ग एकदम भरल्यासारखा दिसायला लागला. मी शिकवायला लागले. मला इतकं छान शिकवता येतं हे मलाही ठाऊक नव्हतं. फेटेवाले प्रत्येक समीकरणाला मान डोलवत होते. एक्स-रेवाला विचारमग्न दिसत होता. मावशी झोपल्या, पण ताठ बसून. मी बंद वर्तुळ काढून फेऱ्याची दिशा दाखवत होते आणि बाहेरून जावयाची हाक आली, “एक शीट! एक शीट शहापूर!” त्यासरशी सवयीने तिघंही उठून उभे राहिले. त्यांना पाहून शिपाई उठला. शिपायाला पाहून मुलाखत घेणारे दोघंही उठले. व्याख्यान संपलं असंच सगळ्यांना वाटलं.

“विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला आहे,” प्राचार्य म्हणाले.

मला नोकरी मिळाली. मी इतकी खूष होते की जीप आधी मुरबाडच्या बाजारात नेऊन मावशींच्या टोपलीत मावेल तेवढी जांभळं घेतली, आणि शहापूर येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी जिभा जांभळ्या करून घेतल्या.

नेमणूक तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जितके तास शिकवलं तितक्याचा मोबदला, आणि एप्रिल संपला की नोकरी संपली. मे महिन्यात मी कुणीच नसे. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा फळ्यावर शिकवून दाखवायचं. पहिल्या वर्षी मला वाटलं, पुढच्या खेपेला कायम करतील. दुसऱ्या वर्षीही वाटलं. मुलं पास होऊन बाहेर पडत होती, त्यांतली काही शिक्षकही झाली. चिडायचं म्हटलं तर कुणावर, तेही कळत नसे. नवं शतक आलं आणि बरंच पुढं गेलं. मला चष्मा लागला.

अशाच एका जूनमध्ये मी फळ्यापाशी उभी होते. प्राचार्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “मॅडम, पीरियॉडिक सोल्यूशनचं व्यवहारातलं एखादं उदाहरण द्या.” दर वर्षी मी लंबक सांगायची. त्या दिवशी लंबकाचा कंटाळा आला.

“सर,” मी म्हणाले, “मागच्या जूनमध्ये तुम्ही याच खुर्चीत होतात, मी इथंच उभी होते, आणि प्रश्न हाच होता. त्याच्या मागच्या जूनमध्येही.”

मुलाखत घेणारे तिघंही हसले. अगदी मनापासून हसले. प्राचार्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, इतकं सोपं उदाहरण त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. आणि त्यांनी माझी नेमणूक केली, एप्रिलअखेरपर्यंत.