एंटरखाली अडकलेली अक्षत

झेंडूचा वास आला की डिंडोलीच्या कामगारवस्तीतल्या आमच्या खोलीतला तो दसरा आठवतो. वडील कारखान्यात कापड विणायच्या लूमची पूजा करून आले आणि मी काम करत असतानाच माझ्या उघड्या लॅपटॉपलाही हळदकुंकू, अक्षता वाहून मोकळे झाले. माझी नोकरी नवीन होती. टर्मिनल उघडून ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेलो होतो, पुढची कमांड अजून टाइपही केली नव्हती. तोच काळ्या पडद्यावर सर्व्हरचं नाव असलेली एकच ओळ आपोआप पुन्हा पुन्हा उमटत खाली धावायला लागली. हात बाजूला घेतले तरी थांबेना. मी काय बिघडवलं? की दुसरंच कोणी आत शिरलं? नोकरी गेली, एवढंच डोक्यात येत होतं. वडील मात्र खूश. "देख, पूजा पावनी! मशीन आपोआप चाली राह्यनं, तू कशाले घाबरस?" शेवटी एंटरचं बटण दाबलेलंच राहिलेलं दिसलं; त्याच्या फटीत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा सापडला, तो काढला, ओळी थांबल्या, आणि वडिलांचा चेहरा उतरला. आता ते खानदेशात, गावी असतात. दसऱ्याला फोनवर हमखास विचारतात, "मशीन चाली राह्यनं ना?" मी हो म्हणतो, आणि का कोण जाणे, एंटर दाबून धरतो.