गुलाबाच्या पायाशी सोनवणे सर

सोनवणे सर आमच्या रोपवाटिकेत आले की रस्त्यावरच्या माणसांना आधी त्यांचं बूड दिसायचं, तोंड नंतर कधीतरी. लोक झाडाचं फूल बघतात, पान बघतात. हा माणूस गुडघे टेकून वाकायचा आणि गुलाबाच्या बुंध्याशी बोटांनी माती उकरत राहायचा. दौलताबादचा किल्ला बघून वेरूळकडे निघालेल्या बाया आमच्याकडे उतरून फुलाशेजारी गाल नेऊन फोटो काढायच्या, आणि प्रत्येक फोटोत मागे सरांची पांढरी पँट. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्याची अंगठी पडली असेल.

"काय हरवलं का हो?" मी विचारलं.

"हरवलं नाही, मावशी. काही सापडतंय का बघतोय."

मावशी! स्वतःच्या डोक्यावर एक काळा केस नव्हता, आणि मला मावशी.

ते शहरातल्या कॉलेजात झाडांचे रोग शिकवून निवृत्त झालेले, राहायला छावणीत. बायको घरात बसू देत नसावी, म्हणून स्कूटरवर आमच्याकडे यायचे. विकत कधी काही घेतलं नाही. एकदाच तांबड्या गुलाबाचं एक रोप नेलं, तेही माझ्या सुनेनं, सुनंदानं, बळेच हातात दिलं म्हणून. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला कुणी शिकवायला लागलं की राग येतो, आणि ह्या माणसाला शिकवल्याशिवाय पाणी पचत नव्हतं. तांब्या तोंडाला लावायचे, मध्येच काही आठवायचं, की घोट तसाच गालात धरून बोट वर. "थोडक्यात सांगतो" म्हणाले की सुनंदा चहाचं आधण ठेवायची. तिला ठाऊक होतं, चहा होऊन, पिऊन, कप धुऊन होतील, पण थोडक्यात काही संपणार नाही.

त्यांचा सगळा जीव एका जंतूवर. मातीत राहणारा, डोळ्याला न दिसणारा. "जखम म्हणजे दार, मावशी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झाडाला कुठं चिरलं, खरचटलं, की जखमेतून रस पाझरतो. त्या वासावर हा जंतू येतो, झाडाच्या पेशीला चिकटतो आणि एक बारीक नळी लावून आपल्या डीएनएचा तुकडा आत सारतो. "डीएनए म्हणजे हुकूमनामा समजा. पेशीनं काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. झाड त्या तुकड्याला आपलाच समजतं आणि हुकूम पाळायला लागतं. हुकूम दोनच: वाढत सुटा, आणि माझ्यासाठी जेवण करा. म्हणून तिथं गाठ येते. त्या गाठीत जे अन्न तयार होतं, ते झाडाच्या काही कामाचं नसतं, ते जंतूच खातो."

"म्हंजे दुसऱ्याच्या घरात शिरायचं आन् त्याच्याच चुलीवर आपल्यापुरतं रांधून घ्यायचं," मी म्हणाले. "हे तर आमचा मधला दीर बी करतो. त्यासाठी कॉलेज कशाला पायजे?"

"दीर डीएनए देत नाही, मावशी."

"देत कसा नाय? पोरं बघा त्याची. सगळी तशीच निघाली."

सर हसले नाहीत. विनोद केला की तो बरोबर आहे का चूक, हे तपासायला लागायचे.

सुनंदानं विचारलं होतं, "सर, मग औषध मारलं तर?" तर म्हणाले, "जंतू मारता येतो, पोरी. लिहिलेलं मारता येत नाही. एकदा हुकूम आत गेला की जंतू मेला तरी गाठ वाढतच राहते." मग म्हणाले, माणसं भारी हुशार, ह्याच जंतूकडून कापसात नवे गुण घालून घेतात, त्याचा गाठीचा हुकूम काढायचा, आपला भरायचा आणि त्याला कामाला लावायचं. मी म्हणाले, दिराला असं कामाला लावता आलं तर बघा.

आमचं घर एका वाफ्यावर चालायचं. तांबड्या वासाच्या गुलाबाची जुनी झाडं होती, त्यांची फुलं खुलताबादला दर्ग्यात आणि मारुतीच्या देवळात दोन्हीकडे जायची. शिवाय त्याच झाडांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे बारीक कोंब, सालीसकट काढून सुनंदा रानगुलाबाच्या खुंटाला चीर देऊन त्यात भरायची आणि नवी रोपं करायची. तो वाफा म्हणजे रोपवाटिका. बाकीचं सगळं कुंड्या आणि शोभा.

आषाढात एक दिवस सर त्या वाफ्याच्या टोकाला वाकले आणि ओरडले. मला वाटलं, विंचू चावला. जाऊन बघते तर मातीलगत, बुंध्याला लिंबाएवढी खडबडीत गाठ. शेजारच्या झाडाला अजून एक.

"किती सुंदर आहे!" सर म्हणाले.

माझ्या झाडाला आवाळू आलेलं, आणि हा बाबा सुंदर म्हणतो. जन्मभर ज्याच्यावर बोलले तो रोग त्यांनी काचेच्या बशीत पाहिलेला, कॉलेजातल्या कुंडीत पाहिलेला. कुणी न आणता, आपसूक आलेला, पहिल्यांदाच बघत होते. डोळ्यांत पाणी. सुनंदाचा डोळे भरायचा चाकू मागून घेतला, गाठ कापून आम्हाला आतलं दाखवलं. मग चेव आला. आणखी कुठं पसरलंय का बघतो म्हणून वाफाभर फिरले, एकेका झाडाची साल बुंध्याशी जराशी चिरून बघत. कुठं काही नव्हतं. चाकू रुमालाला पुसून अगदी अदबीनं सुनंदाला परत दिला. "ती दोन झाडं जाळून टाका. बाकी वाफा स्वच्छ आहे," म्हणाले. आम्ही जाळली. त्याच दिवशी त्याच चाकूनं सुनंदानं डोळे भरले.

दसऱ्याच्या तोंडावर सुनंदा खुरपायला बसली आणि बसूनच राहिली. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला गाठ, जिथं सरांनी चिरलं होतं बरोबर तिथं. त्या दिवशी भरलेल्या रोपांना डोळ्याच्या जागी गाठ.

सर आले, वाकले, एक झाड बघितलं, दुसरं बघितलं. मी वाट बघत होते, आता थोडक्यात सुरू होईल. नाही झालं. उठून उभे राहिले.

"मावशी, हे मी केलं."

आख्ख्या ओळखीत त्यांनी एवढं थोडक्यात बोललेलं मी तेव्हाच ऐकलं.

"जखम म्हणजे दार म्हणत व्हता ना?" मी म्हणाले. "घराघराचं दार उघडत कोण गेलं मग?"

"कॉलेजात दिवा पेटलेला असायचा टेबलावर," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी पातं ज्योतीवर धरायचं, म्हणजे त्यावरचा जंतू मरतो. चाळीस वर्षांत विचार करावा लागला नाही, हात आपला जायचा. इथं दिवा नव्हता."

दिवा नव्हता म्हणे. अक्कल तर होती? हे मी मोठ्यानं म्हणाले.

सर म्हणाले, सगळा वाफा उपटून जाळा, भरलेली रोपंही जाळा, आणि त्या मातीत काही वर्षं गुलाब लावू नका, ज्वारी-मका घ्या, त्यांना हा जंतू लागत नाही. सुनंदा रडायला लागली. झाडं वरून हिरवीगार, कळ्यांनी लगडलेली. तेवढ्यात आमचा मधला दीर आला, अशा वेळी त्याला बरोबर वास लागतो.

"वहिनी, याड लागलं का? दसऱ्याला हातोहात जातील रोपं. गाठ मातीच्या गोळ्यात झाकून टाकायची. बुडाला कोण बघतंय?"

"हा बघतो की," मी सरांकडे बोट केलं.

सर खाली मान घालून म्हणाले, "विकलीत तर प्रत्येकाच्या अंगणात जाईल, मावशी. पुढं तुमचं तुम्ही बघा."

धर्म-बिर्म काही नव्हता माझ्या मनात. पण माझं रोप लावून लोकांनी घरोघर माझ्या नावानं बोटं मोडावीत, एवढं काही माझं अडलं नव्हतं. मी म्हणाले, जाळा.

दुसऱ्या दिवशी सर कुदळ घेऊन हजर. कोरी कुदळ, दांड्यावर दुकानाचा कागद तसाच. पहिला घाव स्वतःच्या बुटाशेजारी घातला. मी म्हणाले, घरी जा, मेलात तर तुमच्या बायकोला काय सांगू? गेले नाहीत. रोज यायचे, खणायचे, मुळं वेचायचे. तळहात फुटले तेव्हा मी म्हणाले, "सर, दारं उघडली तुमची. मातीत हात घालू नका." तेव्हा मात्र हसले. तो विनोद तपासायची गरज पडली नसावी.

जाळ झाला त्या दिवशी त्यांनी सुनंदाला विचारलं, "तू मला दिलेलं ते रोप आठवतं? आषाढाच्या आधी दिलं होतंस. त्याला चाकू लागलेला नाही. पण मी सांगेपर्यंत मागू नकोस. नव्या कुंडीत आहे, बघू दे मला वर्षभर." सुनंदा हो म्हणाली. मी म्हणाले, ह्यांच्या बघण्यानं एक वाफा गेला, आता कुंडी जाऊ दे.

वर्ष पुरं होतं न होतं तोच सर गेले. हृदय बंद पडलं. आम्हाला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. नंतर एका सकाळी त्यांच्या बायको रिक्षानं आल्या, मांडीवर कुंडी. गुलाब छातीएवढा वाढलेला, एकही फांदी न छाटलेला.

"मला एक फूल तोडू दिलं नाही हो ह्यांनी," त्या म्हणाल्या. "रोज गच्चीत जाऊन त्याच्या पायाशी वाकायचे. जायच्या आदल्या दिवशी खाली आले आणि म्हणाले, स्वच्छ आहे, आता देऊन येतो."

विहिरीपलीकडच्या तुकड्यात कधी गुलाब नव्हता. तिथं सुनंदानं त्या झाडाचे डोळे भरून नवा वाफा केला. जवळ स्पिरिटची वाटी ठेवते. प्रत्येक झाडानंतर चाकू त्यात बुडवते, मगच पुढं. ज्वारी जुन्या वाफ्यात बरी येते.

माझे गुडघे गेलेत. तरी मी उठते, नव्या वाफ्यात जाते, सरांना शिव्या घालत खाली बसते आणि एकेका झाडाच्या बुंध्याची माती बोटांनी उकरते. परवा एक गाडी थांबली. पोरीनं फोटो काढला, मग मागं वळून बघितलं.

"आजी, काही हरवलं का?"

"नाय गं," मी म्हणाले, "काय सापडतंय का बघते."