उजव्या हाताची शीर

तेव्हा मी देवरीकडच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. एका दुपारी एक आई आपल्या विशीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता आणि दोन्ही पाय असह्य दुखत होते. ती जन्मापासून मुकी-बहिरी. हातांनी बोलायची, आणि ते बोलणं फक्त आईला नीट कळायचं. डॉक्टरांनी सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन लगेच सुरू करायला सांगितलं आणि ते एका अडलेल्या बाळंतिणीकडे धावले.

वर्षानुवर्षं सुया टोचून तिच्या शिरा कडक झाल्या होत्या. डाव्या हातावर तर एकही धड दिसेना. उजव्या मनगटाजवळ मात्र एक ठसठशीत शीर होती. तिथं सुई लावली की मनगट वाकू नये म्हणून खाली पुठ्ठा ठेवून हात बांधावा लागतो. मी पुठ्ठा घेतलेला पाहून आई म्हणाली, "सिस्टर, तिचा हात बांधू नका. पोरगी बोलन कशी मंग?"

मी थांबले. पण थांबायला वेळ नव्हता. मुलगी गादी मुठीत धरून कण्हत होती. मनगटाची शीर हमखास मिळाली असती. ती सोडून दुसरी शोधायची आणि ती फुटली, तर इंजेक्शनला आणखी उशीर. डाव्या हातावर एकदा प्रयत्न केला. शीर फुटलीच, जागा निळी पडली. मुलीनं हात ओढून घेतला, माझ्याकडे बघेना.

मग उजवा हात कोपराच्या खाली गरम फडक्यानं शेकला. दिसत काही नव्हतं, पण बोटाला एक शीर लवचीक लागली. ती जागा मी तिला दाखवली आणि नजरेनंच विचारलं. तिनं आईकडे पाहिलं आणि हात पुढे केला. सुईत रक्त आलं, शीर मिळाली. इथं पुठ्ठा लागणार नव्हता. मनगट, बोटं मोकळी राहिली.

सलाईन सुरू झालं तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जागा सुजत तर नाही ना, म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते. इंजेक्शननं तिचा जरा डोळा लागला. दिवस कलला तशी ती जागी झाली आणि भराभर हात हलवू लागली. मला वाटलं, पाणी मागतेय. आई एकदम उठून उभी राहिली.

"पाय नाही म्हणते. छातीत दुखून राहिलं म्हणते."

सिकलसेलच्या पेशंटचं छातीचं दुखणं जिवावर बेतू शकतं. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. ऑक्सिजन लावला, आणि त्यांनी तिला गोंदियाला पाठवायचं ठरवलं. अँब्युलन्समध्ये चढवताना आई तिच्या हातांकडेच बघत होती.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. फोन नंबर घ्यायचंही मला सुचलं नव्हतं. मग एका बाजाराच्या दिवशी आई आमच्या दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीशी दिसली, एकटीच. विचारायचा धीर होईना. तिनंच मला ओळखलं.

"घरीच आहे," ती म्हणाली. "भात रांधून राहिली."