घर सांगा

फोन उचलून 'हॅलो' म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत फोन कानाला लागायचा आणि दोनच शब्द यायचे, "घर सांगा."

आडनाव आणि गल्ली, एवढं त्यांना पुरे असे. कोण गेलं, कसं गेलं, हे ते फोनवर विचारत नसत. पलीकडचा माणूस बहुधा धड बोलण्याच्या अवस्थेत नसायचा. मग तेच सावकाश सांगायचे, "घाबरू नका. आधी खाली जमिनीवर घ्या. पाय दक्षिणेला. तोंडात गंगाजल, तुळशीचं पान. उशाशी दिवा लावा, वात एकच. रडणाऱ्याला रडू द्या. मी निघालो."

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहिलेल्या मराठी माणसाला एव्हाना ओळख पटली असेल. आमच्यापैकी कुणाचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, कुणाचे दरबारात लेखणी घेऊन आले. आता कुणी बँकेत आहे, कुणी दुकानात. पोरं आईशी हिंदीत भांडतात. पण घरातलं माणूस गेलं की सगळ्यांना अचानक 'आपली पद्धत' आठवते, आणि त्या पद्धतीने अंत्यविधी करणारे गुरुजी गावात तेवढे एकच उरले होते. सत्यनारायणाला पाहिजे तितके मिळत, या कामाला कुणी पुढे येत नसे.

म्हणून त्यांचा नंबर घरोघरी होता आणि फोनमध्ये मात्र कुणाच्याच नव्हता. असला नंबर फोनमध्ये साठवणं म्हणजे यमाला पत्ता देऊन ठेवणं, असं आमच्याकडच्या बायका मानत. मग तोड काय? देव्हाऱ्यात गंगाजलाचा बंद गडू असतो ना, त्याच्या बुडाला नंबराची चिठ्ठी चिकटवायची. गडू फोडायची वेळ येते ती एकदाच, आणि नंबर लागतो तोही तेव्हाच. आमच्या घरच्या गडूलाही तशीच चिठ्ठी होती.

मी तेव्हा सिटी सेंटरमध्ये एका मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात काउंटरवर बसत असे. आमची कंपनी तिच्याहून मोठ्या कंपनीत विलीन होत होती. बाहेरची पाटी उतरली, आमचे हिरवे शर्ट जाऊन जांभळे आले, आणि दोन्हीकडच्या ग्राहकांची माहिती एका जागी करण्याच्या घोळात रोज माणसांचे चालते नंबर बंद पडू लागले. वरून हुकूम होता की 'एकत्रीकरण सुरळीत चालू आहे' असं हसून सांगायचं. आम्हा काउंटरवाल्यांपैकी कुणाला ठेवणार आणि कुणाला नारळ देणार, हेही कुणी सांगत नव्हतं. तरी हसायचं. लोक मात्र शिव्या मलाच देत.

अशा एका दुपारी स्वच्छ धोतरातले, खांद्याला कापडी पिशवी लावलेले एक गृहस्थ टोकन घेऊन माझ्यासमोर आले. नंबर सांगू लागले आणि अर्ध्यातच माझी बोटं थांबली. चेहरा मी पहिल्यांदा बघत होते, नंबर मात्र माझ्या ओळखीचा होता. दर दिवाळीला देव्हारा घासताना मी तो वाचलेला होता.

"गुरुजी, तुम्ही?"

"ओळखलंत? मग तुमच्या घरी कधी..."

"नाही. गडूवर आहे."

"असू द्या. तिथेच असू द्या," ते घाईने म्हणाले. "बेटा, फोन मुका झाला आहे. बायकोच्या फोनवरून तुमच्या ऑफिसला लावला, तर एक बाई म्हणते, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, आणि गाणं लावते. माझ्याकडेही महत्त्वाचेच फोन येतात. पण मी गाणं नाही लावत, उचलतो."

संगणकात पाहिलं. नंबर नव्या यंत्रणेने अडवून ठेवला होता, कारण तो त्यांच्या नावावरच नव्हता. पाटणकर बाजारातल्या एका दुकानदाराने, वडील गेल्यावर यांची धावपळ पाहून, स्वतःच्या नावाने सिम काढून यांना फोन भेट दिला होता. जुन्या कंपनीला त्याचं काही वाटलं नाही. नवीला हवं होतं की मूळ ग्राहकाने समक्ष येऊन अंगठा द्यावा.

"त्यांना आणावं लागेल, गुरुजी."

"त्यांना आणणं कठीण आहे," ते शांतपणे म्हणाले. "मीच पोहोचवून आलो."

मला हसू आवरेना आणि त्याची लाजही वाटली. मॅनेजरसाहेबांना विचारायला गेले. ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "रूल तो रूल है, मॅडम. कस्टमर नहीं है तो वारिस को लाइए. महीने के आख़िर में पुराना सिस्टम बंद, फिर नंबर किसी और को चला जाएगा."

मी नवा नंबर सुचवला. बंद नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नव्हता, कारण त्यासाठीच्या अर्जाचा संदेश त्याच नंबरवरून पाठवावा लागतो. म्हटलं, नवीन घ्या आणि सगळ्यांना कळवून टाका.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काहीतरी अचाटच बोलले होते. "कळवू कसा? सकाळी तुमच्या घरी माझा फोन आला, की माझा नवा नंबर लिहून घ्या, तर तुमची आई काय म्हणेल? घरात कुणी आजारी असलं तर? मी आजवर आपणहून कुणाच्या घरी फोन नाही केला. आणि ज्यांच्या गडूवर जुना आहे, ते त्या वेळी नवा कुठून शोधतील?"

कंपनीपर्यंत हा प्रश्न पोहोचलाही नसता. नियमाप्रमाणे ठरलेलं वाक्य मी म्हणून टाकलं, "आणखी काही सेवा? धन्यवाद, पुन्हा या."

ते उठता उठता थबकले. मग खुदकन हसले. "मला 'पुन्हा या' म्हणणारी तूच पहिली." आणि 'येतो' न म्हणता, मागे वळून न पाहता निघून गेले. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. जन्मभराची ती सवय सगळीकडेच लागली होती.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा मात्र हसू नव्हतं. शिंदे की छावणीजवळच्या एका घरात म्हातारे आजोबा गेले होते. घरच्यांनी गडू फोडला, नंबर लावला, तर 'यह नंबर सेवा में नहीं है'. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सून रडत तोच नंबर लावत राहिली. शेवटी कुणाचा तरी मुलगा पत्ता विचारत विचारत यांच्या दारी पोहोचला, तोवर दिवस कलायला आला होता आणि म्हातारे तसेच पलंगावर होते.

"पलंगावरच, बेटा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कुणी सांगायलाच नव्हतं त्यांना. दिवासुद्धा नाही. फोन लागला असता तर तेवढं तरी झालं असतं."

त्या दिवशी मला माझ्या जांभळ्या शर्टाची मनापासून चीड आली. घरी आई दम्याने आजारी होती, आणि आमच्या गडूच्या बुडालाही तोच मेलेला नंबर होता. रात्री तिचा खोकला ऐकू आला की मी उठून तिच्याजवळ जाऊन बसायचे.

वारस म्हणजे त्या दुकानदाराचा मुलगा, दुकान आता तोच चालवत होता. गुरुजी त्याला फोन करणार नव्हते आणि दुकानाची पायरी चढणार नव्हते. दुकानामागच्याच घरात त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. "मी दारात दिसलो तर त्या माउलीचा जीव आधीच जाईल," म्हणाले. म्हणून फोन मी केला. नाव ऐकताच तो घाबराघुबरा झाला.

"उन्होंने क्यूँ फोन करवाया? आई बरी आहे आमची! त्यांना म्हणा इकडे येऊ नका."

"कुणी येत नाही, भाऊ. तुम्हीच इकडे या. तुमच्या वडिलांच्या नावचा नंबर आहे."

"बघतो," म्हणाला आणि आला नाही. मी रोज फोन करत राहिले. तो रोज 'कल पक्का' म्हणे. गुरुजी रोज येऊन दाराजवळच्या खांबाशी बसत. एसीची हवा नको म्हणून नव्हे, लोकांना आपल्या शेजारी बसणं अवघड वाटू नये म्हणून. मॅनेजर एकदा कुरकुरले, "ये बाबा रोज़ क्यूँ बैठे रहते हैं?" मी म्हटलं, "कस्टमर हैं, सर. इनका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है." त्यांना टोमणा कळला की नाही, कोण जाणे. नाहीतरी मला नारळ मिळणारच होता, म्हणून जीभ जरा सैल झाली होती.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. जुनी यंत्रणा संध्याकाळी बंद होणार होती. दुपार टळली तरी मुलाचा पत्ता नाही. मी सरळ फोनवर म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरीही गडू आहे ना? त्याच्या खाली कुणाचा नंबर आहे, जरा बघा. उद्यापासून तो दुसऱ्याच कुणाचा होईल. वेळ आली की कुठल्या तरी अनोळखी पोराला लागेल."

पलीकडून पावलं वाजली, मग भांडी. बहुधा देव्हाऱ्यापर्यंत गेला असावा. मग म्हणाला, "आलोच."

आला तो घामाघूम, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि स्वतःची कागदपत्रं घेऊन. गुरुजी त्याला पाहताच उठून खांबाच्या पलीकडे झाले. यंत्र त्याचा अंगठा घेईना. पुसला, पुन्हा ठेवला, लाल दिवा. सर्व्हर मध्येच गेला, आला. मॅनेजर शटरकडे बघू लागले. मी त्या मुलाचं बोट धरून काचेवर दाबलं आणि मनात गणपतीपासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या. हिरवा दिवा लागला तेव्हा मला रडूच आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

मुलगा खांबाजवळ गेला. मान खाली घालून म्हणाला, "चला गुरुजी, गाडीने सोडतो."

"नको रे. तुझ्या गाडीतून मला उतरताना कुणी पाहिलं, तर आईची चौकशी करायला लोक धावतील. तू जा. आईंना जप."

सिम सुरू झालं की नाही बघायचं होतं. तो नंबर नुसता तपासायला लावायचा, माझं बोट धजेना. शेवटी डोळे मिटून लावला. दोन हात अंतरावर उभ्या गुरुजींच्या पिशवीत रिंग वाजली, आणि पुरी वाजूही न देता त्यांनी माझ्याकडे बघतच फोन कानाला लावला.

"घर सांगा."

"सिटी सेंटर," मी म्हटलं. "सगळे बरे आहेत, गुरुजी."

"असेच राहोत. तुझ्या घरून हा नंबर लागायला खूप खूप उशीर होवो." फोन ठेवून ते निघाले. मी पाठून ओरडले, "पुन्हा या!" आणि त्या एका दिवशी ते वळून हसले.

आमचं केंद्र लवकरच बंद झालं, मीही घरी बसले. आईच्या वेळी तो नंबर लावला, पहिल्याच रिंगला उचलला गेला. त्याबद्दल आज लिहीत नाही.

नंतर एके सकाळी बातमी आली की गुरुजीच गेले. मी पोहोचले तेव्हा दोन खोल्यांच्या घरात लश्करातली सगळी मराठी आडनावं दाटली होती. पुतण्या झाशीहून निघाला होता, विधी तोच करणार होता. तोवर काय करायचं, ते कुणालाच सुचत नव्हतं. ज्याने प्रत्येक घराला सांगितलं, तोच खाटेवर गप्प पडून होता. माणसं हात बांधून उभी. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि काही केल्या बोलत नव्हत्या.

तेवढ्यात खुंटीवरच्या कापडी पिशवीत फोन वाजला.

सगळे दचकले. कुणी म्हणालं, "बंद करा तो." काकू मात्र उठल्या. रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी फोन काढून कानाला लावला. आवाज घोगरा होता, पण शब्द नीट आले.

"घर सांगा."

त्या ऐकत राहिल्या. मग खाटेकडे बघत, एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या, "घाबरू नका. आधी खाली जमिनीवर घ्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाटणकर बाजारातला तो मुलगा सगळ्यांत आधी पुढे झाला, मागून आम्ही. गुरुजींना अलगद खाली घेतलं.

"पाय दक्षिणेला."

आम्ही पाय दक्षिणेला केले.

"तोंडात गंगाजल, तुळशीचं पान."

मी देव्हाऱ्यातला गडू आणला. त्याच्या बुडाला चिठ्ठी नव्हती. या घराला तिची गरज पडली नव्हती.

"उशाशी दिवा लावा, वात एकच. रडणाऱ्याला रडू द्या."

दिवा लागला. आता खोलीत सगळेच रडत होते. काकूंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि पलीकडच्याला समजावलं, "नाही, ते आज एका घरी आहेत. इथलं आटोपलं की पुतण्या येईल तुमच्याकडे."