आधी आईची विचारपूस

काटेवाल्या बाई आधी लेकराकडे बघायच्याच नाहीत. सगळं गाव नव्या बाळाभोवती जमतं, नाक कोणावर गेलं यावर वाद घालतं. या मात्र दारात चपला काढता काढता बाळंतिणीला विचारायच्या, "जेवली का वं तू? काय जेवली?" नुसतं "हो" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. भाजी कोणती होती तेही सांगावं लागे.

त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्स. वजनाचा काटा आणि त्याची कापडी झोळी कायम खांद्याला, म्हणून ब्रह्मपुरीकडच्या आमच्या चार-पाच गावांत त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. काटा अंगणवाडीत ठेवून जा म्हटलं की म्हणायच्या, "ठेवला का पोट्टे झोके घेतेत त्याच्यावर."

माझी मुलगी मैत्री जन्मली तेव्हा मी या गावात नवीनच होते. बी.ए. झालेली, तोंडाची फटकळ, आणि बाळंतपणानंतर चार भिंतींत अडकलेली. नवरा पुण्यात कंपनीत. घरात मी, सासूबाई आणि रात्रंदिवस रडणारी ती पोर. दूध पुरत नव्हतं. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "शिकेल सून आणली, पण लेकराले दूध नाई पाजता येत." खरं सांगते, मला मैत्रीचा राग यायचा. ती रडायला लागली की वाटायचं, हिला इथंच ठेवावं आणि जी मिळेल ती बस धरून निघून जावं. मग त्या विचाराचीच भीती वाटून मी तिला छातीशी घट्ट धरून बसायची.

पहिल्या वजनाला पोर कमी भरली. बाई मला रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "तू झोपते का? लेकरू झोपलं का तूई झोपत जाय. भांडे पळून नाई जात." पण पुढच्या महिन्यात वजन वाढलं नाही तर आईसकट दवाखान्यात दोन हप्ते भरती करावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "दवाखान्यात जाशीन तं तिथूनच माहेरी जाय. लेकरू इथी राहीन." त्या बोलल्या की करून दाखवायच्या. पोरीचा राग येणारी मी, पण तिला हिरावून घेतील म्हटल्यावर रात्रभर तिला कुशीतून खाली ठेवलं नाही.

आणि मी जे केलं ते कोणत्याही शहाण्या बाईच्या डोक्यात येणार नाही. पुढच्या महिन्यात मैत्रीच्या दुपट्याच्या घडीत मी सासूबाईंचा अडकित्ता गुंडाळला. "सर्दी झाली बाई, कपडे नका काढू," म्हटलं. बाई कपडे काढूनच वजन करायच्या, पण थंडीचे दिवस होते आणि त्यांचा आईच्या शब्दावर भारी विश्वास. काटा खाली गेला, माझा जीव भांड्यात पडला.

पण खोट्याची पंचाईत अशी, की दर महिन्याला त्यातही वाढ दाखवावी लागते. तिसऱ्या वजनाला अडकित्त्यानं भागणार नव्हतं. खलबत्त्यातला बत्ता नेला. चौथ्या वेळेला आता काय बांधू म्हणून मी घरभर हिंडले आणि शेवटी बत्ता आणि अडकित्ता दोन्ही कोंबले. पोर मात्र दुपट्यात हलकी हलकी होत चालली होती. आताशा ती रडतही नव्हती. तेव्हा मला खरी धडकी भरली, पण बोलायची सोय राहिली नव्हती.

त्या दिवशी बाईंनी तिला झोळीत ठेवायला उचललं आणि त्यांचा हात दुपट्यावर थांबला. अंगणवाडीत दहा-बारा बाया होत्या. बाई सहज म्हणाल्या, "शी केली वाटते लेकरानं, चाल आत," आणि मला तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं. दुपटं उलगडलं. बत्ता बाजूला ठेवला, अडकित्ता बाजूला ठेवला, आणि खालीच बसल्या.

मला वाटलं, आता तोंडात मारतील. त्यांनी विचारलं, "राग येते का पोरीचा?"

मी होकारार्थी मान हलवली आणि हमसून रडले.

"येते. मलेई आला होता माह्या पोराचा. कोणापाशी बोलली काऊन नाई वं?" मग उघडी करून वजन केलं. पहिल्या महिन्यापेक्षाही कमी भरलं.

तिथून त्या तडक आमच्या घरी आल्या. मला वाटलं सांगणार. त्या सासूबाईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, सून कच्ची हाये अजून. दवाखान्यात तुमी संग आल्याबिगर हे लेकरू नाई वाचत. तिले दोन घास सुखानं खाऊ घालाले कोणी पाह्यजे ना?" आयुष्यात पहिल्यांदा कोणी सासूबाईंची गरज बोलून दाखवली असेल. त्यांनी मुकाट्यानं लुगडी पिशवीत भरली. दोन हप्ते आम्ही तिघी एका खाटेभोवती राहिलो. सासूबाई स्वतः मला जेवायला वाढायच्या, मी झोपले की पोर घेऊन व्हरांड्यात फिरायच्या. मैत्री पुन्हा रडायला लागली तेव्हा त्या वॉर्डात मोठ्यानं हसल्या.

पण नोंदवहीत दोन महिने चढलेलं वजन एकदम कोसळलेलं दिसत होतं. तालुक्याहून साहेब चौकशीला आले. सासूबाईंसमोरच मला विचारलं, "वजन घेताना नर्स कपडे काढत होत्या का?" मी म्हटलं, "नाही." एवढंच. खोटं नव्हतं ते. बाईंनी लिहून दिलं, चूक माझी. त्यांची बदली जिवतीच्या डोंगरात झाली.

जायच्या दिवशी मी फाट्यावर गाठलं त्यांना. "बाई, मी साहेबांना सगळं सांगते."

"येडी झाली का? सांगशीन तं तुयी सासू ऐकन. आत्ता कुठी घर जमलं. लेकराले ते पाह्यजे, मले नाई. गप राय." त्या जीपमध्ये चढल्या आणि शेजारच्या बाईच्या बाळाकडे न बघता तिलाच काहीतरी विचारायला लागल्या.

मैत्री आता शाळेत जाते. आजीची भारी लाडकी आहे. पाहुणे आले की सासूबाई तिला जवळ ओढून हटकून सांगतात, "त्या नर्सबाईनं वजन चुकवलं, म्हणून माही नात मरत होती." पाहुणे च्-च् करतात. मी तिथंच बसलेली असते, आणि बोलत नाही.