सोल्वेनं कॉलेजला दोनदा नको म्हटलं

आर्लिस तोलेफ्सन कॉलेजात एक दिवसही गेली नाही, पण कॉलेजात कसं शिरायचं हे आमच्या गावातल्या पोरांना तीच शिकवायची. तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. तिथलं मुलाखतीच्या दोनशे प्रश्नांचं पुस्तक निवृत्त होताना तिनं घरी नेलं. चोरलं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मागच्या हिवाळ्यात तिच्या भावाच्या पोरीची, सोल्वेची पाळी आली. सोल्वेला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि पूर्वेकडचं ते एक कॉलेज सोडून तिनं दुसरीकडं अर्जच टाकला नव्हता. कॉलेजनं कळवलं, मुलाखत दोघांपैकी कुणाकडंही द्या. एक, शेजारच्या गावचे दातांचे डॉक्टर लुंडीन, तिथंच शिकलेले. दुसरी, मिनियापोलिसच्या हॉटेलात येणारी कॉलेजची बाई.

"लुंडीनकाका बरं की," सोल्वे म्हणाली. "वळखीचं हायती."

"त्येच तर वांदं हाय," आत्या म्हणाली. " तुझं समदं दात बघितल्यात त्यानं, त्याच्यापुढं काय लपवणार? ती बाई धर. तिला तुझं काईच ठावं न्हाई."

मग तयारी सुरू झाली.

"एक मोठं अपयश सांग."

"गेल्या साली कालवड मेली माझ्या हातनं."

"मेलेलं नगं. ऐकणाऱ्याला वाटलं पायजे, बरं झालं हरली."

दोन आठवडे दोघींनी अपयश हुडकलं. शेवटी चर्चच्या गाण्यात सोल्वे बेसूर झाली होती ते निघालं. त्यातून ती नेतृत्व शिकली, असं आत्यानं लिहून दिलं.

मिनियापोलिसला सगळं पाठ केल्याप्रमाणं म्हणून झालं. बाई खूश दिसली. फाईल मिटता मिटता तिनं विचारलं, "जागा दिली तर येशील ना आमच्याकडे?"

आता, आमच्याकडं केक पुढं केला की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. पहिल्याच खेपेला हात घालणारा हावरट ठरतो, आणि ते नाव नातवंडांपर्यंत पुरतं. पुस्तकातल्या दोनशेंत हा प्रश्न नव्हता. सोल्वेच्या तोंडून आपसूक निघालं, "नगं, कशाला उगीच. दुसऱ्या कुणाला गरज असंल."

बाई थबकली. "म्हणजे तुला यायचं नाही?"

"तुमचीच अडचण व्हायची."

बाईनं कागदावर एक ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं. "बरं. आलीस, छान वाटलं."

सोल्वेनं पुढं आलेला हात हातात घेतला, पण खुर्ची सोडली नाही. तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिली. बाई उठून कोट चढवायला लागली.

"बाई," सोल्वे म्हणाली. तिचे कान तापले होते. "आणि एकदा इचारता का?"

"काय विचारू?"

"जागा दिली तर येशील का म्हणून."

एक हात बाहीत, एक बाहेर, अशा अवतारात बाईनं विचारलं.

"येईन," सोल्वे म्हणाली. "तुम्ही येवढं म्हणताय तर."

बाई पुन्हा खाली बसली आणि लिहिलेली ओळ तिनं खोडली.

घरी आल्यावर आत्यानं कपाळाला हात लावला. "तोंडानं मागितलंस? आन ते बी हॉटेलात?" आठवडाभर ती पोरीशी धड बोलली नाही.

मार्चात कॉलेजचा होकार आला. त्या रविवारी चर्चमधल्या कॉफीला आर्लिस सगळ्यांना सांगत होती, "पोरगी दोनदा नगं म्हणाली. पर त्यांनी लई आग्रह केला."