गावपळणीतली ती दुपार

आचऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावायचा. त्याने हो म्हटलं की ठरल्या दिवशी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी गाव सोडायचं आणि शिवेबाहेर झावळांच्या राहुट्या घालून तीन दिवस काढायचे. मुसलमानवाडीसुद्धा निघते. त्या तीन दिवसांत गाव देवाचं आणि त्याच्या भुताखेतांचं. मध्येच कोणी मागे फिरलं तर त्याच्या घरातलं माणूस जातं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे मानत होते, आणि दुसऱ्यांनाही मानायला लावत होते.

अशाच एका गावपळणीत आमची शेजारीण मध्येच घरी जाऊन आली. आठव्या दिवशी तिची तीन वर्षांची मुलगी गेली. सुतक फिटल्यावर ती पहिल्यांदा विहिरीवर आली, तेव्हा मी सगळ्या बायकांसमोर तिला म्हणाले, "तुज्याच पायांन गेला तुजा चेडू."

मी रागाने बोलले नव्हते. दोन आणि दोन चार सांगावं तसं सांगितलं होतं. तिने कळशी तशीच रिकामी उचलली आणि ती घरी गेली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मधल्या पेरूच्या झाडाचे पेरू तिच्या अंगणात पडले तर ती कुंपणावर ठेवून द्यायची. मी उचलायची. दहा-बारा वर्षं असंच चाललं.

ती दुपार ऐंशी सालानंतरच्या एका गावपळणीतली. माझी सासू तेव्हा फार थकली होती. तिचं डोकं कधी जागेवर असायचं, कधी नसायचं. गावपळण लागली तेव्हा तिला खुर्चीत बसवून राहुटीवर नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष खाडीवर गळ घेऊन गेले होते. पेज जेवून माझा डोळा लागला. जाग आली तर सासूचं अंथरूण रिकामं.

आजूबाजूच्या राहुट्यांतून बायका गोळा झाल्या. म्हातारी शिवेकडे जाताना एकीने पाहिली होती. पुढे काय करायचं ते सगळ्यांना कळत होतं आणि कोणी हलत नव्हतं. मीही हलत नव्हते. माझी दोन मुलं तिथेच चिंचेखाली खेळत होती आणि मी त्यांच्याकडे बघत होते, कोणता जाईल म्हणून.

तेवढ्यात शेजारीण पुढे आली. म्हणाली, "मी जातंय. माका काय जाता? माजा जावचा ता कवाच गेला."

हे ती माझ्याकडे न बघता बोलली. पण ती चालू लागल्यावर माझे पाय तिच्या मागे निघाले. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. सासू माझी होती, एवढंच.

शीव ओलांडली आणि आवाज बंद झाले. गावात इतके आवाज असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कोंबडं नाही, पाळणा नाही, रहाटाची करकर नाही. आमच्या वाडीत समुद्र कधी ऐकू येत नाही, त्या दुपारी तो येत होता, अगदी परसात असल्यासारखा. दारं ओढून घेतलेली, कड्यांना सुंभ बांधलेला. कोणाच्या तरी दोरीवर एक लुगडं विसरलं होतं, ते आपल्याशीच हलत होतं. तुळशीपुढची रांगोळी अर्धी उडाली होती. ऊन पिवळं होतं, मऊ होतं, आणि त्यात मी झोपेत चालल्यासारखी चालत होते. भुतं दिसतील म्हणून मी नजर खाली ठेवली होती. मग कधीतरी वर केली. मला दिसली ती फक्त घरं. माणसं निघून गेल्यावर ती जरा टेकल्यासारखी वाटत होती. माझी भीती कुठे गळून पडली ते मला कळलं नाही.

सासू आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात बसली होती. फणसाची सुकी पानं एकेक उचलून पदरात घालत होती. मला तिने ओळखलं नाही. शेजारणीला ओळखलं.

"इलंस गो?" ती म्हणाली. "ताप उतारलो तुज्या चेडवाचो? निघताना आंग कडकडीत होता."

शेजारीण तिच्यापुढे बसली. तिच्या पदरातली पानं काढत म्हणाली, "उतारलो, आये. आता बरा आसा."

"वखदाची बाटली गावली?"

"गावली."

सासूने मान हलवली आणि पुन्हा पानं वेचू लागली. मी उभीच होते. समुद्र ऐकू येत होता.

"निघताना ताप होतो?" मी विचारलं. दहा-बारा वर्षांत तिच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

"आदल्या दिसापासून. घाईत औषधाची बाटली घरात ऱ्हवली. ती हाडूक इलंय होतंय."

"मगे सांगलंस नाय ता?"

"कोणी इचारला?"

सासूला माहीत होतं. बहुतेक ती मला सांगायलाही आली असेल. पण आमच्या घरात तेव्हा बोलायचं काम मी करत असे.

आम्ही म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून निघालो. ती रमतगमत चालत होती, बंद दारांना हाका मारत, आतून ओ आल्यासारखी हसत. शीव जवळ आली तेव्हा शेजारीण म्हणाली, "तू मागसून ये. तू शिवेर थांबलंस, आत मी एकटीच गेलंय म्हणान सांगतंय."

मी थांबले. तुम्हाला खोटं कशाला सांगू? ती पाच-सात पावलं पुढे गेली तोवर मी थांबलेच होते. मग पुढे होऊन सासूचा दुसरा हात धरला. पलीकडे सगळ्या बायका उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला तिघींना बघितलं आणि माझ्या जावेने माझ्या मुलांना जवळ ओढलं.

ते वर्ष मी मुलांची अंगं चाचपत काढलं. कोणी गेलं नाही. सासूसुद्धा आणखी तीन पावसाळे जगली. मी गावपळणीला अजून जाते. उघड्या आभाळाखालचे ते दिवस मला आवडतात, आणि गावालाही विसावा हवा असं मला त्या दुपारपासून वाटतं. पण बाटली आणायला गेलेल्या बाईचं मूल देव उचलतो हे मी मानत नाही. न मानायला मला कोणी शिकवलं नाही. एवढी वर्षं मानलं त्याची लाज मात्र वाटते.

त्या वेळी राहुट्या मोडून गावात परत आल्यावर मी शेजारणीच्या खळ्यात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "माजा चुकला."

ती सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, "माका कित्याक सांगतंस? माका म्हायत आसा. ज्यांका सांगितलंस, तेंका जावन सांग."

मी कोणाकोणाला सांगितलं होतं ते आठवत बसले. विहिरीवरच्या सगळ्या. देवळातल्या बायका. हळदीकुंकवाला आलेल्या. त्यातल्या दोघी मरून गेल्या होत्या, त्यांच्या सुनांना सांगितलं. काही म्हणाल्या, बरं झालं. काहींनी विषय बदलला. एकीने तोंडावर सांगितलं की म्हातारीबरोबर माझंही डोकं गेलं.

शेवटी माहेरी, मिठबावला गेले. तिथेही मीच ते पोचवलं होतं. वहिनी मासे साफ करत होती. मी काय सांगायला आले ते कळल्यावर हसली. "शिरा पडो! तेका किती वर्सां झाली! आमी कवाच इसारलो."

मी पाट ओढून घेतला. म्हटलं, "इसारलास तर आठवा. मगे मी सांगतंय ता आयका."

आणि पहिल्यापासून सांगायला बसले.